शिरोडकर सध्या काय करते?

मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही कादंबरी २००४ साली आली. आणीबाणीतली नववी संपली, नायिका शिरोडकर गाव सोडून गेली, तिच्यावर जीव जडलेला नायक जोशी दहावीच्या उंबरठ्यावर उभा राहिला. वाचक मात्र अजून वर्गातच बसून आहेत. त्यांना पुढचा भाग हवा. मांडा हिशेब: तेव्हाच्या नववीची आता साठी उलटली. म्हणजे उत्तरार्धातली शिरोडकर गुडघ्याला पट्टा बांधून शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फुलांसकट ‘शुभ सकाळ’ पाठवणार आणि जोशी तिच्या सुनेची गाऱ्हाणी ऐकणार. याचसाठी जीव टांगणीला लावलाय का? हार्पर ली यांच्या चाहत्यांनी ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’नंतर पंचावन्न वर्षं वाट पाहिली. २०१५ साली ‘गो सेट अ वॉचमन’ हाती पडलं आणि पहिल्या कादंबरीतला न्यायाचा पुतळा अ‍ॅटिकस वर्णभेदाची तरफदारी करताना दिसला. मुलाचं नाव हौसेने अ‍ॅटिकस ठेवलेल्या आईबापांची पंचाईत वेगळीच.

यावर कुणी ‘डॉन किहोते’ पुढे करील. त्याचा दुसरा भाग पहिल्याहून सरस मानणारे पुष्कळ आहेत. मान्य. पण तिथेही १६१४ मध्ये आव्हेयानेदा या टोपणनावाने कुणा तोतयाने परस्पर उत्तरार्ध छापला होता. मूळ लेखक सर्व्हान्तेस भडकला, १६१५ मध्ये त्याने आपला भाग आणला आणि शेवटी नायकालाच मारून टाकलं, पुन्हा कुणी हात लावायला नको म्हणून. तेव्हा बोकिलांकडे तगादा लावणाऱ्यांनी निदान शिरोडकरच्या जिवाचा तरी विचार करावा.