राउटरकाका

पिंपरी-चिंचवडच्या समाजजीवनाविषयी लिहिताना कामगार, लघुउद्योजक आणि युनियनचे पुढारी यांची नोंद नेहमीच घेतली जाते. मात्र याच परिसरातील गृहनिर्माण संस्थांत अलीकडच्या काळात ठळक झालेला एक वर्ग अजून उपेक्षितच राहिला आहे, आणि तो म्हणजे कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यातून निवृत्त झाल्यावर शेजाऱ्यांचे वाय-फाय दुरुस्त करण्यास वाहून घेतलेले काका. बिजलीनगरपासून शाहूनगरपर्यंत बहुतेक प्रत्येक सोसायटीत या वर्गाचा एक प्रतिनिधी आढळतो, आणि एखाद्या सोसायटीत दोन आढळलेच, तर त्यांचे एकमेकांशी बोलणे नसते.

या वर्गाचे मूळ परिसराच्या औद्योगिक इतिहासात आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, पुढे टेल्को आणि बजाज ऑटो यांच्याभोवती सुटे भाग पुरवणारी असंख्य वर्कशॉप उभी राहिली, आणि आयटीआय किंवा डिप्लोमा करून त्यांत शिरलेल्या एका पिढीने आपले सारे उमेदीचे आयुष्य यंत्रे चालू ठेवण्यात घालवले. मेंटेनन्सच्या माणसाची प्रतिष्ठा विचित्र असते: सगळे सुरळीत असताना त्याचे नावही कोणाला आठवत नाही, आणि लाइन थांबली की खुद्द प्लँट हेड त्याच्यामागे उभा राहून घाम पुसतो. २००७ साली बजाज ऑटोने आकुर्डीतील उत्पादन थांबवले, इतरत्र स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, बाकीचे वयोमानानुसार बाहेर पडले, आणि ‘साहेब, प्रेस बंद पडलाय’ असा अपरात्री येणारा फोन कायमचा थांबला. मधली वर्षे त्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या मोटरीवर कशीबशी निभावून नेली. मग मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, कचेऱ्या आणि शाळा घराघरांत शिरल्या, आणि ब्रेकडाउनचा फोन पुन्हा वाजू लागला.

राउटर म्हणजे बाहेरून आलेली इंटरनेटची एकच जोडणी घरातील अनेक उपकरणांना वाटून देणारी पेटी, आणि फर्मवेअर म्हणजे त्या पेटीच्या स्मृतीत कायमची वस्तीला असलेली व तिला चालवणारी आज्ञावली. ही आज्ञावली अधूनमधून बदलावी लागते, कारण तिच्यातील उणिवा चोरांना आधी सापडतात. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या उपद्रवी प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेले मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले राउटर आणि कॅमेरे हजारोंनी ताब्यात घेतले होते. २०१८ साली ‘व्हीपीएनफिल्टर’ या दुसऱ्या प्रोग्रॅमने ५४ देशांतील किमान ५ लाख उपकरणांत शिरकाव केल्याचे उघडकीस आले, आणि तेव्हा अमेरिकेच्या एफबीआय या तपासयंत्रणेने जनतेला अधिकृतपणे सल्ला दिला, की आपापले राउटर बंद करून पुन्हा चालू करावेत. काकांच्या उपचारपद्धतीला इतकी उच्चस्तरीय मान्यता त्यापूर्वी मिळाली नव्हती व त्यानंतरही मिळालेली नाही.

अद्ययावतीकरणाची गरज काकांना तत्त्वतः मान्य असते. त्यांचा आक्षेप कार्यपद्धतीला असतो. कारखान्यात यंत्राचे एखादे सेटिंग बदलायचे, तर लॉगबुकात तारीख, शिफ्ट, जुना आकडा, नवा आकडा आणि सही एवढ्या गोष्टी लागत. येथे मात्र ‘टीआर-०६९’ या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या नियमावलीच्या आधारे इंटरनेट पुरवणारी कंपनी दूर बसल्या बसल्या, सगळे झोपेत असताना, ग्राहकाच्या शोकेसमधल्या पेटीची आज्ञावली बदलू शकते आणि नोंद कोठेच उरत नाही. ‘कोणाला विचारून बदललं?’ हा काकांचा पहिला प्रश्न असतो, आणि तो तांत्रिक नसून नैतिक असल्यामुळे त्याला उत्तर देण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. हा संशय अगदीच निराधार आहे असे म्हणता येत नाही, कारण मे २०२३ मध्ये आसुस या तैवानी कंपनीने आपल्या राउटरांकडे धाडलेल्या सुरक्षाविषयक यादीची एक फाइल सदोष निघाली, जगभरातील अनेक घरांचे इंटरनेट त्यामुळे तुटत राहिले, आणि कंपनीला जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. आणि ते तर पुरते फर्मवेअरही नव्हते.

प्रत्यक्ष तपासणीची सुरुवात जबानीने होते. ‘कोणी काही केलं होतं का?’ असे काका विचारतात आणि घरातील प्रत्येक जण ‘नाही हो काका, काहीच नाही केलं, आपोआप गेलं’ असे एका सुरात सांगतो. हे वाक्य काकांनी मशिनच्या ऑपरेटरांकडून उभी नोकरी ऐकलेले असते, त्यामुळे ते त्याची नोंद घेतात पण त्यावर विश्वास ठेवत नाहीत. पुढे ओएनटीची, म्हणजे प्रकाशतंतूतून येणाऱ्या लेझरच्या संकेताचे विद्युत संकेतात रूपांतर करणाऱ्या पेटीची, पाहणी होते. तिच्यावरचा ‘लॉस’ लिहिलेला दिवा लाल असेल, तर घरापर्यंत प्रकाशच पोचलेला नाही, फर्मवेअर निर्दोष आहे, आणि काल सोफा सरकवताना मागची केस-बारीक वायर कोपऱ्यात दुमडली गेली आहे, असा निष्कर्ष निघतो. तो सांगताना काकांचा चेहरा उतरतो, कारण ही केस त्यांच्या हातून निसटून कंपनीच्या लाइनवाल्या पोराकडे जाते. तो आपल्या पॉवर मीटरवर प्रकाशाची पातळी मोजतो, ‘मायनस तीस येतोय काका’ म्हणतो, आणि उणे सत्तावीसच्या खाली गेले की पेटीला ऐकू येत नाही हे काकांना ठाऊक असूनही, त्यांना ते नव्याने समजावून सांगण्याचे धाडस करतो.

दिवा हिरवा असेल तर काकांना उत्साह येतो. ते राउटरच्या पाठीवर तळहात ठेवतात, जसा पूर्वी बेअरिंगचा ताप पाहण्यासाठी ठेवत, आणि मान हलवतात. या परीक्षेतून काय कळते हे त्यांनी कधी उघड केलेले नाही. त्यानंतर वीज बंद केली जाते आणि निवृत्तीच्या वेळी कंपनीने दिलेल्या मनगटी घड्याळावर पूर्ण ३० सेकंद मोजले जातात, कारण आतील कपॅसिटरमध्ये, म्हणजे विद्युतभार साठवणाऱ्या घटकांत, उरलेला भार उतरून गेल्याशिवाय तात्पुरती स्मृती खरोखर कोरी होत नाही. घरातील तरुण मंडळी पाचव्या सेकंदाला बटण दाबू पाहतात आणि त्यांना जे ऐकावे लागते, ते वेगळ्या निबंधाचा विषय आहे. आधी ओएनटी, त्याचे दिवे स्थिरावल्यावर राउटर, आणि शेवटी मोबाइल हा क्रम ठरलेला असतो.

एवढ्यावर भागले नाही, की काकांच्या विद्वत्तेचा खरा प्रांत सुरू होतो. घरगुती वाय-फाय मुख्यतः दोन पट्ट्यांवर चालते: २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीतून पार जातो पण गर्दीने गजबजलेला असतो, तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वेगवान असून आरसीसीच्या दुसऱ्या भिंतीपाशीच दम टाकतो. जुन्या व्यवस्थेत या दोन पट्ट्यांची नावे वेगळी असत; अद्ययावतीकरणानंतर अनेक राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाखाली एकत्र करतात आणि कोणते उपकरण कोणत्या पट्ट्यावर जाईल हे स्वतः ठरवतात, परिणामी फक्त २.४ ओळखणारा स्मार्ट बल्ब किंवा दारावरचा कॅमेरा बाहेर तिष्ठत राहतो. दुसरा नेहमीचा अपराधी म्हणजे ‘डब्ल्यूपीए३’, अर्थात २०१८ साली जाहीर झालेली कूटलेखनाची नवी पद्धत. नवे फर्मवेअर ती परस्पर लागू करते, आणि घरातला जुना प्रिंटर, ज्याला ही भाषाच येत नाही, त्याच दिवशी मौन धारण करतो, ज्या दिवशी मुलीच्या प्रोजेक्टची प्रिंट काढायची असते. काका यावर जुनी व नवी अशी दोन्ही पद्धतींची मिश्र सोय चालू करतात व प्रिंटरकडे समवयस्काकडे पाहावे तसे पाहतात.

चॅनलचा प्रश्न त्याहून गहन आहे. २.४ च्या पट्ट्यात भारतात १३ चॅनले असली, तरी ती एकमेकांवर चढलेली असल्याने १, ६ आणि ११ हीच तीन परस्परांना न अडवता नांदू शकतात. गुरुवारी, म्हणजे औद्योगिक सुट्टीच्या आणि म्हणून दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याच्या वारी, वीज परत येताच इमारतीतील सगळे राउटर एकाच क्षणी जागे होतात, प्रत्येकाला भोवतालची हवा मोकळी दिसते, आणि त्यांतील बरेचसे एकाच चॅनलवर जाऊन बसतात. म्हणून गुरुवारची संध्याकाळ हा काकांच्या तपासणीचा सर्वाधिक गर्दीचा काळ असतो. पाच गिगाहर्ट्झमध्ये गर्दी कमी, परंतु ५२ ते १४४ या क्रमांकांची चॅनले रडारच्या वापरातही असल्यामुळे तेथे बसू पाहणारा राउटर आधी किमान एक मिनिट कान देऊन ऐकतो आणि रडारची चाहूल लागली तर जागा सोडतो. नवे फर्मवेअर राउटरला या चॅनलांवर नेऊन बसवू लागले आणि वाय-फाय मध्येच गायब होऊ लागले, की काका गॅलरीतून पूर्वेकडे पाहत लोहगावच्या वायुदलाच्या तळाचा सूचक उल्लेख करतात. या आरोपाला कोणताही पुरावा उपलब्ध नाही; पण त्यामुळे बंद पडलेल्या ऑनलाइन मीटिंगला राष्ट्रीय संरक्षणाची झालर लागते आणि घरातील मंडळींचा राग बराच निवळतो, हे नमूद करणे आवश्यक आहे. त्यानंतर काका चॅनल ४० वर पक्के करून टाकतात आणि काम भागते.

या वर्गाचा नैसर्गिक प्रतिस्पर्धी म्हणजे हिंजवडीला नोकरी करणारा शेजारचा संगणक अभियंता. हा तरुण दिवसभर परदेशी बँकांचे सर्व्हर सांभाळत असतो, मात्र घरचे वाय-फाय गेले की कॉलवर असतानाच काकूंकडून सेफ्टी पिन मागून घेतो आणि राउटरच्या मागच्या छिद्रात १० सेकंद दाबून धरतो. या कृतीला फॅक्टरी रीसेट म्हणतात, आणि तिच्यामुळे राउटर कारखान्यातून निघाला त्या अवस्थेत परत जातो. त्यात वाय-फायचे नाव जाते, पासवर्ड जातो, आणि कंपनीने जोडणीच्या वेळी दिलेले ‘पीपीपीओई’चे, म्हणजे राउटरने कंपनीच्या दारात स्वतःची ओळख पटवण्याचे, युजरनेम आणि पासवर्डही जातात, जे ज्या कागदावर लिहिले होते तो कागद रद्दीत गेलेला असतो. ‘मी बॅकएंडला आहे, नेटवर्किंग माझं नाही’ असे त्यावर हा तरुण सांगतो. काका रीसेटला विरोध करत नाहीत. मोठ्या अद्ययावतीकरणानंतर जुनी सेटिंगे नव्या आज्ञावलीत अर्धवट मिसळून बिघाड करतात आणि तेव्हा सगळे पुसून हाताने नव्याने भरणे हाच उत्तम उपाय असतो, हे त्यांना पुरते माहीत असते. पण आधी प्रत्येक पानाचा फोटो, मग एका वेळी एकच बदल, आणि बदलागणिक चाचणी, हा शिरस्ता ते मोडत नाहीत. येथे निःपक्षपातीपणे म्हटले पाहिजे, की संगणकाविषयीचे त्यांचे ज्ञान अभियंत्याच्या ज्ञानाच्या पासंगालाही पुरणार नाही, आणि तरीही राउटर दुरुस्त होतो तो त्यांच्याच हातून.

या शिस्तीचे दृश्य रूप म्हणजे काकांची डायरी. एका बेअरिंग विक्रेत्याकडून जुन्या वर्षी भेट मिळालेल्या या डायरीत फ्लॅट क्रमांकानुसार राउटरचे मॉडेल, फर्मवेअरची आवृत्ती, पीपीपीओईचा तपशील, वाय-फायचा पासवर्ड आणि ‘कोणी बदलले’ असा एक रकाना असतो, ज्यात बहुतेक ठिकाणी ‘अज्ञात, रात्री’ अशी नोंद असते. मोरया गोसावींच्या समाधीने पावन झालेल्या या गावात पासवर्डमध्ये ‘मोरया’ येणे स्वाभाविकच आहे. मात्र पुढे एक-दोन-तीन जोडल्याने सुरक्षा वाढते हा रहिवाशांचा समज काकांनी आजवर खोडून काढलेला नाही. जगातील गणितज्ञांनी रचलेले कूटलेखन एका बाजूला असताना समग्र सोसायटीच्या किल्ल्या काकांच्या फ्रीजवर, विजेच्या बिलांखाली, कोणालाही हाताशी येतील अशा ठेवलेल्या असतात, आणि ही गोष्ट सर्वांना ठाऊक असूनही कोणाला खटकत नाही. फर्मवेअरच्या हजार अद्ययावतीकरणांनी ही उणीव भरून निघणार नाही.

काकांचा पराभव केवळ एका ठिकाणी होतो. नवा भाग नीट चालला नाही तर जुना परत बसवायचा, ही त्यांची सवय. परंतु अनेक उत्पादक जुन्या फर्मवेअरकडे परतण्याची वाट मुद्दाम बंद करतात, जेणेकरून बुजवलेली भगदाडे पुन्हा उघडू नयेत. कारण समजूनही ते काकांना पटत नाही. अशा वेळी ते राउटर उलटा करून खालचे लेबल पुन्हा एकदा वाचतात, त्यावर काही नवे लिहिलेले आहे का पाहतात, आणि ‘पुढच्या अपडेटमध्ये बघू’ असे म्हणून टीव्हीच्या मागची दुसरी वायर तपासू लागतात, जिच्याविषयी कोणी तक्रार केलेली नसते.

या सेवेचा मोबदला पैशांत घेतला जात नाही. तसा प्रस्ताव मांडणाऱ्या घरात काका दोन महिने फिरकत नाहीत. त्यांना चहा लागतो, तोही साखर कमी, आणि त्यासोबत बिघाडाचे मूळ कारण, त्या कारणाचे कारण, आणि तसे ते पाचव्या ‘का’पर्यंत शोधत नेण्याची कारखान्यात शिकवली जाणारी पद्धत, यांचे साद्यंत निरूपण शांतपणे ऐकणारे श्रोते लागतात. अभियंता मनगटावरच्या घड्याळाकडे पाहतो, मुले पेंगतात, काकू दुसऱ्यांदा चहा टाकतात, पण हॉलमधून कोणीही उठत नाही, कारण वाय-फायचा नवा पासवर्ड काका सगळ्यात शेवटी सांगतात.