मंदीवाल्यांचा बंदोबस्त

जर्मनीतल्या वायरकार्ड या पेमेंट कंपनीच्या हिशेबात काळंबेरं आहे, अशी मंदीवाल्यांनी बोंब ठोकली, तेव्हा तिथल्या बाजार नियामकाने कमालीची तत्परता दाखवली. चौकशी लावली ती बोंब ठोकणाऱ्यांची! फेब्रुवारी २०१९ मध्ये या शेअरच्या शॉर्ट सेलिंगवर, म्हणजे भाव पडेल या हिशेबाने उसने शेअर विकण्याच्या मंदीवाल्यांच्या धंद्यावर, दोन महिने बंदी, वर बातम्या देणाऱ्या पत्रकारांविरुद्ध फौजदारी तक्रार. भाव पाडणारा तेवढा लबाड. टीव्हीवर चढ्या भावाचं ‘टार्गेट’ देणारा मात्र तज्ज्ञ. जून २०२० मध्ये कळलं, फिलिपिन्समधल्या दोन बँकांत दाखवलेले १९० कोटी युरो तिथे नाहीतच. बँका म्हणाल्या, ही कंपनी आमची खातेदारच नाही! मंदीवाल्यांपैकी काहींनी रग्गड कमावलं. तेही काही समाजसेवेला निघाले नव्हते. पण हिशेब निदान त्यांनी वाचला होता. लेखापरीक्षकांना तेवढी सवड झाली नसावी.