ब्रोकोलीची कैफियत

सुरत-भुसावळ लोहमार्गावरील आमच्या नरडाण्यात, जेथे वांग्याचे भरीत आणि कळण्याची भाकरी यांपलीकडे आरोग्याचा मार्ग असू शकतो हे सहसा कोणी मान्य करीत नाही, तेथे ब्रोकोलीचा प्रवेश पुणेकर भाच्याच्या शिफारशीने झाला. “मामा, कॅन्सरला अटकाव करते ही,” असे बजावून त्याने तो हिरवा गड्डा ओट्यावर ठेवला, तेव्हा शेजारच्या आजींनी “कोबीले काय व्हयनं?” अशी सहानुभूतीपूर्वक चौकशी केली.

पुरावा अगदीच नाही असे नव्हे. 1992 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील पॉल तलाले यांच्या प्रयोगशाळेने ब्रोकोलीतून सल्फोराफेन हे, कॅन्सरला अटकाव करू शकेल असे मानले जाणारे, द्रव्य वेगळे काढले. त्याआधी दोनच वर्षे अमेरिकेच्या थोरल्या बुशसाहेबांनी, आपण राष्ट्राध्यक्ष असल्यामुळे यापुढे ब्रोकोली खाणार नाही, असे फर्मान काढले होते, आणि सत्तेचा इतका निरुपद्रवी वापर मला दुसरा ठाऊक नाही. मौज अशी की हे द्रव्य भाजीत तयार नसते. चिरताना वा चावताना एका विकराच्या कृपेने ते जन्मते, आणि आमच्या स्वयंपाकघरात परकी भाजी निर्दोष ठरेपर्यंत उकळण्याची वहिवाट असल्याने तो विकर जबानी देण्यापूर्वीच गतप्राण होतो.

त्यावर तोड मोहरीची! 2018 साली रीडिंग विद्यापीठातील संशोधकांनी 12 निरोगी माणसांना शिजवलेल्या ब्रोकोलीवर ग्रॅमभर मोहरीपूड घालून दिली, तेव्हा शरीरात उतरणारे सल्फोराफेन चौपटीहून वाढले. “मग मी फोडणीत घालते ती मोहरी काय शोभेची?” असे सौभाग्यवतींनी विचारले, परंतु उकळत्या तेलात तडतडलेल्या मोहरीतला विकरही कामी आलेला असतो, कच्चीच पूड हवी, हे सांगण्याचे धैर्य भाच्यातच होते.

चीनमधील चिडोंग येथे ब्रोकोलीच्या कोंबांचे पेय 12 आठवडे पिणाऱ्यांच्या मूत्रातून बेंझिन या हवेतील विषारी प्रदूषकाचे अवशेष 61 टक्के अधिक बाहेर पडले, असे 2014 साली प्रसिद्ध झाले. परंतु मूत्राचा जमाखर्च म्हणजे रोग टळल्याचा दाखला नव्हे. आणि ब्रोकोली खाणारे लोक कमी आजारी पडतात म्हणावे, तर तेच लोक बहुधा पहाटे फिरतात आणि विडीही ओढीत नाहीत.

तेव्हा वाचकहो, ब्रोकोली परवडल्यास जराशी वाफवून, वर कच्ची मोहरीपूड भुरभुरून बेलाशक खावी. न परवडल्यास बाजारातला कोबी आणि मुळा त्याच कुळातले आहेत. वॉरफरिन हे रक्त गोठू न देणारे औषध घेणाऱ्यांनी मात्र ब्रोकोलीतील ‘के’ जीवनसत्त्वामुळे आधी डॉक्टरांना विचारावे.