नव्या डेस्कटॉपवर विंडोज टाकणे : स्वावलंबी माणसासाठी आठ पायऱ्या

साहित्य : लॅमिंग्टन रोडला चार चकरा मारून स्वतः जुळवलेला डेस्कटॉप, किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह, एक अख्खा रविवार आणि तयार लॅपटॉप वापरणारे समोरचे काका. 'स्वतः जोडल्याशिवाय कॉम्प्युटर कळत नाही' हे त्यांना गेल्याच आठवड्यात ऐकवलेलं असावं.

पायरी १. बटण दाबा. पंखे फिरतील, रॅमचे रंगीत दिवे लागतील, स्क्रीन काळीच राहील. मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावली असेल, ती ग्राफिक्स कार्डला लावा. हे सुचेपर्यंत गेलेला पाऊण तास घरच्यांना 'टेस्टिंग' म्हणून सांगावा.

पायरी २. विंडोज ११ पेनड्राइव्हवर घ्यायचं. त्यासाठी एक चालू कॉम्प्युटर लागतो. तुमचा चालू नाही, तो व्हावा म्हणूनच तर ही खटपट. समोरची बेल वाजवा. जाताना डब्यात थोडा शिरा न्यावा.

पायरी ३. 'पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल' अशी सूचना येते. ती वाचा. पेनड्राइव्हही काकांचाच असेल तर मोठ्याने वाचा. उसन्या पेनड्राइव्हमध्ये कुणाच्या तरी मुंजीचे फोटो असतातच.

पायरी ४. घरी येऊन बायॉसमध्ये शिरा. सुरू केल्याक्षणी डिलीट किंवा एफ२ टकटक दाबत राहायचं. लोगो दिसल्यावर दाबू म्हणाल तर लोकल सुटली, पुढची पकडा. आत टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट चालू आहेत ना, ते बघा. टीपीएम सापडत नसेल तर नाव बदलून शोधा : इंटेलकडे त्याला पीटीटी म्हणतात, एएमडीकडे एफटीपीएम. पाळण्यातलं नाव एक, हाक मारायचं दुसरं. मग बूटच्या यादीत पेनड्राइव्हला पहिला नंबर द्या.

पायरी ५. डिस्क निवडा. १ टीबीची घेतली आणि दिसतात ९३१ जीबी. दुकानदाराला फोन लावू नका. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज १०२४ च्या. रिकामी जागा निवडून 'नेक्स्ट' दाबा. पार्टिशन ते स्वतः पाडतं, तुमच्या सल्ल्याची वाट बघत नाही.

पायरी ६. मशीन आपोआप बंद होऊन सुरू होईल. आता पेनड्राइव्ह काढून घ्या आणि हात मांडीवर ठेवा. पेनड्राइव्ह तसाच राहिला तर पहिला नंबर तुम्हीच त्याला दिलाय. तो इमानेइतबारे पुन्हा 'भाषा निवडा'पासून सुरू करील. दुसऱ्यांदा भाषा निवडताना मराठी आपोआप तोंडात येते.

पायरी ७. आता सेटअप इंटरनेट मागतो. वायफायला ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर इंटरनेटवर. दोर विहिरीत पडलाय आणि तो काढायला दोरच पाहिजे. फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग चालू करा. डेटा संपला असेल तर बेल कुठे आहे ते एव्हाना हाताला पाठ झालं असेल.

पायरी ८. डेस्कटॉप उजळला! कुणाला दाखवू असं होत असतानाच दार वाजेल. काका तुमचा डबा परत करायला आलेले असतील. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. त्यात काकूंच्या चकल्या असतील आणि काकांच्या काखेत लॅपटॉप. "विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला म्हणे. तेवढं ११ टाकून द्या की. तुम्हाला कळतं त्यातलं."

चकलीला हात लावण्याआधी त्यांच्या लॅपटॉपचा प्रोसेसर किती जुना आहे ते तपासा; विंडोज ११ ला सगळेच चालत नाहीत. आणि या खेपेला पेनड्राइव्ह तुमचा वापरा.