खालून छप्पर बघणारे काका

खोपोलीच्या शिळफाट्यावर छप्पर तपासून देणारा माणूस शोधावा लागत नाही, टाळावा लागतो. मृगाला आठ-दहा दिवस उरले की तो आपण होऊन दारात उभा राहतो. साठी उलटलेली, इथल्याच एखाद्या कंपनीत उभी नोकरी काढून निवृत्त झालेला, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला पेन, चष्मा कपाळावर. नात्याने तो कुणाचाच काका नसतो, म्हणून सगळ्यांचा असतो. त्याची तपासणीची पद्धत ठरलेली आहे. हात पाठीमागे बांधायचे, मान मागे टाकायची, ओठ मुडपायचे आणि छताकडे बघत ‘हं’ म्हणायचं. गच्चीवर तो सहसा जात नाही. गुडघे दुखतात, आणि खालूनही सगळं दिसतं असं त्याचं मत आहे. चहा उकळेपर्यंत निदान होतं, चहा संपेपर्यंत उपाय. “वहिनी, पाणी इथनंच येतंय,” असं म्हणून तो जिथे बोट दाखवतो तिथे गेले तीन पावसाळे बादली ठेवलेली असते.

काकांना हसणं सोपं आहे आणि मी ते अधूनमधून करणारही आहे. पण त्याआधी एक कोडं सोडवायला हवं. हा बोरघाटाचा पायथा. वर्षाचा पाऊस 3000 मिलिमीटरच्या घरात. म्हणजे 1000 चौरस फुटांच्या एका साध्या स्लॅबवर चार महिन्यांत पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी पडतं. 10 हजार लिटरचे 27-28 टँकर एका घराच्या डोक्यावर रिकामे करावेत इतकं. या पावसाची किंमत ओळखली ती टाटांनी. घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण, शिरवता इथे पाणी अडवून, सुमारे 500 मीटर खाली नळांतून सोडून त्यांनी 1915 साली खोपोलीला वीज काढायला सुरुवात केली. ते नळ कुठे झिरपतात हे बघायला तिथे इंजिनिअर असतात. चहाला आलेल्या माणसाला कुणी विचारत नाही. काका स्वतः ज्या कंपनीत होते तिथेही शेडवर चढायचं तर आधी परवान्याचा कागद, कमरेला पट्टा, आणि सिमेंटच्या पत्र्यावर पाय ठेवण्याआधी आडवी फळी. हे सगळं त्यांना तोंडपाठ आहे. मग तेच काका आणि त्यांना बोलावणारं तेच गाव स्वतःच्या घरी आल्यावर नुसत्या नजरेवर कसं भागवतं? जाणत्या इंजिनिअरला फी देऊन छप्पर दाखवावं, त्याच्याकडून लेखी घ्यावं, असं का वाटत नाही?

पैसे वाचतात म्हणून, हे नेहमीचं उत्तर मला पटत नाही. कारण पैसे वाचत नाहीत. काकांच्या तपासणीनंतर पहिल्या वर्षी डांबर येतं. दुसऱ्या वर्षी भेगांत सिमेंटचं पाणी ओततात. तिसऱ्या वर्षी पोपडे खरवडून गिलावा आणि वर दिवाळीचा रंग. चौथ्या वर्षी काका निर्वाणीचा उपाय सांगतात, “आता वरनं पत्राच टाक, कटकट नको.” लोखंडी खांब, कैच्या, रंगीत पत्रे, वेल्डर, मजुरी. शिळफाट्यावरून कुठल्याही दिशेला नजर टाकली तर गच्च्यांवरचे हे निळे-लाल पत्रे दिसतील. यातला बराच पत्रा न केलेल्या तपासण्यांचा आहे. एकेका शेडला जो खर्च आला त्याच्या किरकोळ हिश्श्यात इंजिनिअर दोनदा येऊन गेला असता. शिवाय पत्र्याखालचा स्लॅब तसाच राहतो. फक्त आता तो लोणच्याच्या बरण्या, मोडक्या सायकली आणि वाळत घातलेले कपडे यांच्याआड जातो.

काका अडाणी आहेत म्हणावं, तर तेही खरं नाही. त्यांची नजर एका वेगळ्या छपरावर तयार झाली आहे. 1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, आणि पुढे ती लाल मंगलोरी कौलं कोकणभर पोचली. त्याआधी नळीची देशी कौलं होतीच. कौलारू छप्पर हे मुळात बघण्यासाठीच बांधलेलं असतं. खाली उभं राहून वर पाहिलं की वासे दिसतात, रिपा दिसतात, आणि कौल सरकलं असेल तर तिथून उजेड दिसतो. जिथून उजेड येतो तिथूनच पाणी येणार, हे सांगायला पदवी लागत नाही. दर वर्षी उन्हाळा सरताना कौलं उतरवून झाडायची, फुटकी बदलायची, किडका वासा काढायचा. माकडाने कुठे उडी मारली, मांजर कुठून जातं, हेही घरातल्या पोराला ठाऊक. तपासणी आणि दुरुस्ती असं दोन दिवसांत उरकायचं, आणि ते काम करणारा गावातलाच असायचा. काकांचा बाप हे काम करत होता किंवा करवून घेत होता. त्या छपराखाली मान वर करून ‘हं’ म्हणणारा माणूस खराखुरा तज्ज्ञ होता.

छप्पर बदललं, ‘हं’ तेवढा राहिला. स्लॅबमधून उजेड दिसत नाही. वरच्या विटांच्या कोब्याला एका कोपऱ्यात भेग जाते, पाणी कोब्याखाली शिरतं, स्लॅबच्या पाठीवर पसरतं, उताराने कुठेतरी जातं आणि काँक्रीट जिथे पोकळ आहे तिथून खाली उतरतं. भेग जिन्याकडे आणि थेंब देवघरात. म्हणजे काका ज्या जागी बोट ठेवतात ती पाण्याची बाहेर पडायची जागा असते. शिरायची जागा दहा फूट लांब, आणि डांबर मात्र बोटाच्या बरोब्बर वर. पोपड्यांचंही तसंच. आतल्या सळईला ओल लागली की गंज चढतो, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आणि आतून रेटा बसून काँक्रीटचा खालचा थर सुटतो. तो पोपडा रंगाचा नसतो. पण काकांच्या डोळ्यांना रंगच दिसतो, कारण डोळ्यांना तेवढंच दिसू शकतं. म्हणून इंजिनिअर आधी डोळे बाजूला ठेवून छोटी हातोडी काढतो आणि नारळवाला नारळ वाजवून बघतो तसा स्लॅब वाजवत जातो. बद्द आवाज आला की तिथे खडूने खूण. गरज पडली तर काँक्रीटच्या पृष्ठभागाचा कठीणपणा मोजणारा रिबाउंड हॅमर, आरपार ध्वनिलहरी सोडून आतली पोकळी शोधणारं यंत्र, सळई गंजते आहे का याचा अंदाज देणारी विद्युत चाचणी. आणि सगळ्यांत साधी परीक्षा म्हणजे गच्चीची मोरी बंद करून एक-दोन दिवस पाणी तुंबवून ठेवायचं आणि खाली काय होतं ते पाहायचं. ही परीक्षा काकांच्या देखरेखीखालच्या बहुतेक गच्च्यांवर जूनमध्ये आपोआप होते, कारण पाइपाच्या तोंडाशी पानं अडकलेली असतात. फक्त निकाल कुणी लिहून ठेवत नाही.

इथे काकांच्या बाजूने चांगला मुद्दा येतो, आणि तो टाळणं बरं नाही. इंजिनिअरही शेवटी पत्राच टाका म्हणतो ना? कधी कधी म्हणतो. पाच-सहा महिने उन्हात तापणाऱ्या आणि चार महिने धो धो भिजणाऱ्या गच्चीला पत्र्याचं छत्र हा वाईट उपाय नव्हे. पण पत्रा कसा बसवायचा हेही तो त्याच कागदावर लिहून देतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर ताशी 100 किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्यांनिशी चढलं आणि जिल्ह्यातून आत सरकत गेलं, तेव्हा पत्रे पत्त्यांसारखे उडाले हे सगळ्यांनी पाहिलं. काकांचा निष्कर्ष होता, “वारंच तसं होतं.” वारा तसा होताच. पण वारा पत्र्याला वरून दाबत नाही, छपरावरून जाताना वर ओढतो, आणि ही ओढ सगळ्यांत जास्त असते ती कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी. तिथलेच हूक ढिले, तिथलेच वायसर उन्हाने तडकलेले. काकांचा त्यावरचा उपाय पत्र्यावर दगड आणि जुने टायर ठेवण्याचा. पुढच्या वादळात पत्रा तर जाईलच, जाताना दगड शेजाऱ्याला देऊन जाईल.

दुसरा आक्षेप असा, की फुकट तपासणी करून देणारे शिकलेले लोकही आता मिळतात. खरं आहे. वॉटरप्रूफिंगच्या कंत्राटदाराचा पोरगा मोटारसायकलवरून येतो, मोबाइलवर फोटो काढतो, संध्याकाळी कोटेशन पाठवतो. त्याच्या तपासणीत आजवर एकही गच्ची निरोगी निघालेली नाही. ज्याचं औषधाचं दुकान त्यानेच नाडी पाहायची, असा हा व्यवहार आहे. काकांचं एक मोठेपण इथे मान्य करावं लागतं: ते काही विकत नाहीत. त्यांचा स्वार्थ चहापुरता, फार तर सोबत कांदेपोह्यापुरता. नुसतं बघण्याचे पैसे घेणारा आणि दुरुस्तीशी काहीच देणंघेणं नसलेला माणूस मात्र लोकांना संशयास्पद वाटतो. “बघायचे पैसे?” हा प्रश्न मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. डांबराच्या डब्याला वजन असतं, पत्र्याला लांबी-रुंदी असते. अहवालाचं वजन दोन कागदांचं. शिवाय पैसे मोजून आलेला माणूस कधी कधी “काही झालेलं नाही, मोरी साफ ठेवा” एवढंच सांगतो, आणि मग घरमालकाला फसवल्यासारखं वाटतं.

तरीही माझ्या मते खरं कारण याहून खोल आहे. काका जे निदान करतात त्यात गुन्हेगार कायम एकच असतो: पाऊस. आणि पाऊस कुणाचा भाऊबंद नसतो. इंजिनिअर आला की तो आधी विचारतो, एप्रिलमध्येही गळतं का? हा प्रश्न भयंकर आहे. एप्रिलमध्ये गळत असेल तर ते पावसाचं पाणी नव्हे; ते वरच्या मजल्यावरच्या थोरल्या भावाच्या न्हाणीघराचं आहे, तिथला नहाणी ट्रॅप बसवताना गवंड्याने सांधा कच्चा ठेवला आहे. किंवा सामाईक भिंतीला लागून शेजाऱ्याने ठेवलेल्या टाकीचं आहे. हे तोंडी कळणं वेगळं आणि सहीशिक्क्यानिशी कळणं वेगळं. कागद आला की खर्च कुणाचा हेही ठरतं. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत पावसाच्या गळतीची आणि बाहेरच्या सामाईक नळांची दुरुस्ती संस्थेच्या खर्चाने होते. एखाद्याच्या न्हाणीघरातून झिरपलं तर ज्याचं त्याने बघायचं. म्हणजे काका मान वर करून “पावसाचं आहे” म्हणतात तेव्हा ते सगळ्या सभासदांच्या वर्गणीत वरच्या मजल्याच्या टाइल्स बसवून देत असतात. त्यांना हे कळत नाही असं समजू नये. काकांना माणसं कळतात. थोरल्या-धाकट्याचं गणपतीपुरतं तरी जमलेलं राहावं, वहिनींनी वरच्या जाऊबाईंना हळदीकुंकवाला बोलवावं, यासाठी ते आभाळाला दोषी ठरवतात. छप्पर त्यांनी तपासलेलंच नसतं. त्यांनी घर सावरलेलं असतं, आणि घरमालकाला हेच हवं असतं.

मग बिघडलं कुठे? बिघडतं सळईत. दोघा भावांना एकमेकांची भीड पडते, गंजाला कुणाचीच पडत नाही. उपविधींमध्ये 15 ते 30 वर्षांच्या इमारतीचं संरचनात्मक ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि 30 वर्षांवरच्या इमारतीचं तीन वर्षांतून एकदा करावं असं सांगितलं आहे, आणि त्या नियमाचा खरा फायदा मला तांत्रिक वाटत नाही. नियमाने बोलावलेला इंजिनिअर कुणाच्या तक्रारीवरून आलेला नसतो. त्याने काहीही शोधून काढलं तरी “तूच बोलावलंस त्याला” असं कुणी कुणाला म्हणू शकत नाही. अडचण आहे ती एकेकट्या घरांची, भावाभावांनी मजल्यावर मजला चढवलेल्या घरांची, जिथे ना संस्था ना उपविधी. तिथे इंजिनिअरला बोलावणं म्हणजे घरात पोलीस बोलावण्यासारखं समजतात. एक तोडगा गावाने स्वतःच काढण्यासारखा आहे: गल्लीतल्या सात-आठ घरांनी मिळून मे महिन्यात एकच माणूस बोलवावा. फी वाटून जाते आणि संशयही वाटून जातो.

आणि काकांना घरी बसवायचं कारण नाही. इंजिनिअरला स्लॅबचं आजचं दुखणं कळतं, इतिहास कळत नाही. स्लॅब कोणत्या साली पडला, त्या दिवशी सिमेंट कमी पडून काम मध्येच कसं थांबलं होतं, टाकी आधी कोणत्या कोपऱ्यात होती, पाडलेली भिंत कुठे होती, हे कुठल्याही नकाशात सापडणार नाही. काकांना ते तारखेनिशी ठाऊक असतं, कारण तेव्हाही ते तिथे हात पाठीमागे बांधून उभे होते. तेव्हा फी भरून बोलावलेला इंजिनिअर गच्चीवर चढेल त्या दिवशी काका खाली शिडी धरून असतील, आणि थांबलेल्या कामाचा सांधा नेमका कुठे आहे ते ओरडून सांगतील. हातोडी तिथे पडेल, आवाज बद्द येईल, खडूची खूण होईल. संध्याकाळी फाट्यावरच्या टपरीवर काका सांगत असतील, “इंजिनिअर चांगला आहे पोरगा. पण ठोकायचं कुठे, ते आपणच सांगितलं.”