एकच गाव राहिलंय

बापूकाका चीन जिंकायला बसले त्याला येत्या गणपतीत दोन वर्षं होतील.

चूक माझीच. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांचा वेळ जाईना, म्हणून मीच त्यांच्या लॅपटॉपवर ‘टोटल वॉर : थ्री किंगडम्स’ चढवून दिला. गेम २०१९ सालचा, काळ इसवी सन १९०चा. हान घराण्याचा बालसम्राट दोंग झुओ नावाच्या दांडग्या सेनापतीच्या मुठीत आहे आणि जो तो सरदार आपली वेगळी चूल मांडतोय. त्यातला एक सरदार आपण व्हायचं आणि सगळा चीन घशात घालायचा. मला वाटलं, काका दोन दिवसांत कंटाळून पुन्हा शब्दकोड्याकडे वळतील.

सरदार निवडायची वेळ आली तेव्हा माझा मुलगा म्हणाला, “आजोबा, काओ काओ घ्या. लय बेरकी आहे.”

“काओ काओ काय? पितृपक्ष आहे का?” काकांनी कुठून तरी उच्चार शोधून काढला. चाओ चाओ. च चारमधला नाही, चाकातला. “इंग्रजाला जन्मात जमायचा नाही. आपल्याला घरचाच आहे.” त्या एका चवर काकांची चीनशी सोयरीक झाली.

बाकीचे लोक हा गेम खेळतात तो लढायांसाठी. सेनापती घोड्यावरून समोरासमोर येतात, भाले फिरवतात, धूळ उडते. काकांनी आजवर एकही लढाई पाहिलेली नाही. सैन्याला सैन्य भिडलं की ते निकाल लावायचं काम गेमवरच सोपवतात आणि चहा गाळायला उठतात. त्यांचा जीव धान्यात. गेममध्ये वर्षाचे ऋतू पाच, म्हणून डावही पाच. त्यातला एक सुगीचा. त्या डावाला काका चष्मा पुसून, लांब वही उघडून बसतात. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, आणि तळाशी लाल शाईत ‘भ्रष्टाचार, तीन परगणे, चौकशी करणे’.

हसायची सोय नाही, कारण काकांकडे दाखले तयार असतात. “खऱ्या चाओ चाओनं १९६ साली काय केलं? ओसाड जमिनी निर्वासितांना कसायला दिल्या आणि कोठारं भरली. २०० साली ग्वानदूला समोर युआन शाओची केवढी फौज! यानं रात्रीत वूचाओला जाऊन तिचा दाणागोटा जाळला. खेळ खलास. तलवार कसली घेऊन बसलास? भाकरी मोज.”

सरदारांच्या रुसव्यांचं त्यांना काही वाटत नाही. या गेममध्ये प्रत्येक सरदाराची मर्जी आकड्यात दिसते. कुणाला हुद्दा हवा, कुणाला शेजारचा सहकारी नको. आकडा घसरला की स्वारी उठून शत्रूकडे जाते. काकांनी तीस वर्षं हेच बघितलं. एकाला ते पद देतात, दुसऱ्याला घोडा देतात, तिसऱ्याचं लग्न लावून देतात.

एकदा त्यांच्याकडे लु बू नोकरीला आला. लु बू म्हणजे त्या काळातला सगळ्यात भारी लढवय्या. माझा मुलगा खुर्चीतून उडाला, “घ्या, आजोबा, घ्या!”

काकांनी चष्म्यावरून पाहिलं. “आधीच्या नोकऱ्या बघ याच्या. पहिले साहेब डिंग युआन, मयत. दुसरे साहेब दोंग झुओ, मयत. दोघांनाही कुणी मारलं? यानंच. नामंजूर.”

गंमत म्हणजे खऱ्या इतिहासातही लु बू पकडला गेला आणि चाओ चाओ त्याला ठेवून घ्यायचा विचार करू लागला, तेव्हा ल्यू बेई नावाच्या सरदारानं नेमकी हीच दोन नावं काढली. लु बू फासावर गेला. काकांना हे कळलं त्या दिवशी त्यांनी मला फोन करून सांगितलं, “बघ, तिथंही कर्जखात्यात कुणीतरी जागं होतं.”

तर असा भाकरी मोजत मोजत काकांनी चीन घेतला. सम्राटपद घेतलं. शेवटी तीन सम्राट उरतात, बाकी दोघांची राजधानी घेतली की आपण जिंकलो. एक केव्हाच पडली. दुसरी, यांगत्सेच्या काठची जिएनये, काकांच्या फौजांनी चारी बाजूंनी वेढली. हे झालं दिवाळीत.

आता शिमगा होऊन गेला. काकू रोज विचारतात, “संपला का हो तुमचा चीन?” काका म्हणतात, “एकच गाव राहिलंय.” आतला शिधा संपत आला की काका वेढा उठवतात. “पावसाळा तोंडावर आहे गं, त्यांनाही थोडं भरू दे.” शत्रूचं कोठार भरलं की पुन्हा वेढा.

मी एकदा छेडलंच. काका शांतपणे म्हणाले, “चाओ चाओ २२० साली वारला. एवढं सगळं हातात असून स्वतः गादीवर बसला नाही. मुलानं घाई केली, सम्राटाला उतरवून बसला. पुढे काय झालं? ते राज्य हाताखालच्या सिमा घराण्यानं गिळलं, आणि २८० साली सगळा चीन त्यांनीच एक केला. तिघांतलं कुणीच जिंकलं नाही.”

“पण काका, तुम्ही तर गादीवर बसलात!”

ते ऐकू न आल्यासारखे वही चाळू लागले. मला एकदम आठवलं. निवृत्तीच्या दिवशी नारळ, शाल, भाषणं सगळं यथासांग झालं होतं. काका घरी आले आणि खिशात कपाटाची किल्ली निघाली. दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून ते ती परत द्यायला बँकेत गेले आणि संध्याकाळी सहाला परतले.

वहीच्या कोपऱ्यात लाल शाईत ताजी नोंद होती : जिएनये, मुदतवाढ.