यादीवाल्या साहेबांस, भिवंडीहून

ई-मेल पत्त्यांच्या याद्या विकणारे साहेब,

आपलं नाव मला माहीत नाही. आपल्याला मात्र माझं नाव, धंदा, पिनकोड सगळं पाठ आहे, त्यामुळे ओळख करून देण्याचे कष्ट वाचले. एका प्रदर्शनाच्या दारात वही पुढे केली म्हणून मी ई-मेल पत्ता लिहिला. तेव्हापासून मेलमध्ये रोज दुबईचा फ्लॅट, केस उगवणारं तेल आणि 'आपल्या हॉस्पिटलसाठी' सवलतीत खाटा. माझे माग बारा तासांच्या पाळीवर चालतात. आपली पाळी सुटतच नाही.

लोक म्हणतात, आता कायदा आला, यादीवाल्यांचं काही खरं नाही. साहेब, घाबरू नका. २०२३ चा डेटा संरक्षण कायदा सांगतो की संमती राजीखुशीने, नेमक्या कामापुरती आणि समजून-उमजून दिलेली हवी. मागितल्यास मराठीतही समजावून सांगायचं. दंड २५० कोटींपर्यंत. पण नियम निघाले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि संमतीच्या कलमांना तेव्हापासून अठरा महिन्यांची मुदत, म्हणजे थेट मे २०२७. तेवढ्यात आमच्या माणकोलीला नवं गोदाम उभं राहून भरतंसुद्धा.

शिवाय माणसाने स्वतःहून चारचौघांत मांडलेली माहिती या कायद्याबाहेर. माझ्या शटरवर पेंटरने ई-मेल पिवळ्या अक्षरांत रंगवलाय. आपण नुसता फोटो काढायचा. उलट मी खोटी तक्रार केली, तर दहा हजारांपर्यंत दंड मलाच!

इतर कायद्यांनीही आपल्याला सांभाळून घेतलंय. १९०९ या क्रमांकावर नोंद केली की नको असलेले फोन आणि एसएमएस अडवायची सोय आहे. ई-मेल त्यात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २०११ च्या नियमांत पासवर्ड, बँक खातं, आजारपण संवेदनशील ठरलं; ई-मेल पत्ता नाही. अमेरिकेने २००३ मध्येच संकेतस्थळांवरून पत्ते खरवडून जाहिराती पाठवणाऱ्यांना जादा शिक्षेची तरतूद केली. त्यांच्याकडे पाहुण्यांची कदर नाही.

एकदा मात्र आपण थोडक्यात वाचलात. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात, त्रास देण्यासाठी ई-मेल पाठवला तर तीन वर्षांपर्यंत तुरुंगवास होता. २०१२ मध्ये ते कलम आमच्याच ठाणे जिल्ह्यात, पालघरला वापरलं गेलं. पालघर तेव्हा वेगळा जिल्हा झाला नव्हता. पकडलं कुणाला? फेसबुकवर एका बंदबद्दल लिहिणाऱ्या एका मुलीला आणि ते लाइक करणाऱ्या तिच्या मैत्रिणीला. २४ मार्च २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने कलमच रद्द केलं. बरंच केलं. मुलींच्या मागे लागलेलं कलम आपल्या दारात आल्याचं मी तरी ऐकलं नाही, पण ते गेल्याचा फायदा आपल्यालाही झाला.

आता विनंती. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं हवं, असं नवा कायदा म्हणतो. मी ती कधी दिली हे मला कळलंच नव्हतं. तेव्हा आपणही मला न कळवता माझं नाव खोडा. खालचं 'अनसबस्क्राइब' दाबायला मात्र सांगू नका. दाबलं की पत्ता चालू असल्याची खात्री पटते आणि त्याचा भाव चढतो, एवढं सूतबाजारात वावरणाऱ्याला समजतं.

आपल्या मालातला एक नग,
यंत्रमागवाला, भिवंडी